दोन समीक्षक, दोन विरुद्ध मते : जर्नलमध्ये पेपरचा निर्णय नेमका कोण घेतो?

प्रश्न — तलावकाठ (जि. गोंदिया)

सर्व सदस्यांना नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्या भागातील माजी मालगुजारी तलावांतील पाणवनस्पती आणि त्यांच्याविषयी ढिवर समाजातील मासेमारांना असलेली माहिती, या विषयावर मी एक पेपर लिहून भर उन्हाळ्यात एका जुन्या भारतीय जर्नलकडे पाठवला. हे जर्नल लेखकाकडून पैसे घेत नाही. पावसाळा सरला, हलके धान कापून झाले, तरी संकेतस्थळावर ‘अंडर रिव्ह्यू’ एवढेच दिसत होते. दिवाळीनंतर संपादकांचे पत्र आले. निर्णय ‘मेजर रिव्हिजन’, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, असा असून सोबत दोन समीक्षकांचे अभिप्राय जोडलेले आहेत.

अडचण अशी की, हे अभिप्राय एकमेकांच्या उलट आहेत. माझ्या पेपरमध्ये एक मोठा तक्ता आहे. त्यात प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, ढिवरांच्या बोलीतले नाव, ती तलावात कुठे उगवते आणि तिच्या आसऱ्याला कोणता मासा राहतो, हे मासेमारांनी सांगितले तसे नोंदवले आहे. देवधान नावाच्या रानभाताच्या दाटीत कोणते मासे थांबतात, काठावर बेशरम हे झुडूप माजले की कोणते गवत नाहीसे होते, अशा स्वरूपाची ती माहिती आहे. पहिले समीक्षक म्हणतात की हा तक्ता पेपरचा प्राण आहे, तो वाढवावा आणि माहिती किती जणांनी, कोणत्या गावांतून दिली हे लिहावे. दुसरे समीक्षक म्हणतात की ही सगळी ऐकीव माहिती आहे, तक्ता वगळून केवळ प्रजातींची यादी ठेवावी. त्यांनी आणखीही आक्षेप घेतले आहेत : वनस्पतींच्या नमुन्यांना हर्बेरियमचे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाचे) क्रमांक नाहीत, निरीक्षणे फक्त पावसाळ्यानंतरची आहेत आणि इंग्रजी कच्चे आहे. शेवटी त्यांनी चार पेपरांचा संदर्भ द्यायला सांगितले आहे आणि त्या चारही पेपरांत एक लेखक समान आहे. संपादकांनी स्वतः एवढेच लिहिले आहे की दोन्ही समीक्षकांच्या मुद्द्यांना उत्तर द्यावे, विशेषतः नमुन्यांच्या नोंदींबाबत.

अशा वेळी कोणाचे ऐकायचे? निर्णय शेवटी समीक्षकांच्या हाती असतो की संपादकांच्या? समीक्षकांना माझे नाव आणि महाविद्यालयाचे नाव दिसले असेल का, आणि गावातले महाविद्यालय पाहून त्यांचे मत बनले असेल का? माझे गाइड आता हयात नाहीत आणि आमच्या विभागात मी एकटीच आहे, त्यामुळे विचारायला कोणी नाही. सहकारी म्हणतात की पेपर परत घ्यावा आणि आठवड्याभरात प्रमाणपत्रासह छापून देणाऱ्या जर्नलला द्यावा, कारण कॅसची, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या योजनेची, फाइल लवकरच द्यायची आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर १ — सेवानिवृत्त प्राध्यापक (जि. अमरावती)

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. निर्णय संपादकांचा असतो. समीक्षक शिफारस करतात. तलाठी शेतात जाऊन पंचनामा करतो, पण मदत मंजूर करणे किंवा नाकारणे त्याच्या हाती नसते, तसेच हे आहे. पंचनाम्याला वजन असते, परंतु दोन पंचनामे जुळले नाहीत तर ठरवायचे वरच्याने.

एका जर्नलच्या संपादक मंडळावर मी बरीच वर्षे काम केले, त्यामुळे पेपर कोणत्या वाटेने जातो ते सांगू शकतो. प्रथम कार्यालयीन छाननी होते. यात आराखडा, शब्दमर्यादा, चित्रे आणि जोडलेली घोषणापत्रे पाहतात, आणि मजकूर सॉफ्टवेअरमधून काढून दुसरीकडून उचललेला भाग किती आहे तेही तपासतात. त्यानंतर मुख्य संपादक पेपर स्वतः चाळतात. विषय जर्नलच्या कक्षेबाहेरचा असेल किंवा मांडणीच उभी राहत नसेल, तर ते समीक्षकांकडे न पाठवताच पेपर परत करतात. याला ‘डेस्क रिजेक्शन’ म्हणतात आणि नामांकित जर्नलांत मोठ्या संख्येने पेपर याच टप्प्यावर परत जातात. आपला पेपर हा उंबरठा ओलांडून पुढे गेला, याचा अर्थ विषयात दम आहे असे संपादकांना वाटले.

पुढचा टप्पा त्या विषयाच्या सहयोगी संपादकाकडे असतो. त्याने समीक्षक शोधायचे असतात आणि आपण ज्या काळाला ‘अंडर रिव्ह्यू’ म्हणून मोजत होतात, त्यातला मोठा भाग बहुधा या शोधातच गेला असणार. समीक्षकांना मानधन नसते. ते आपापल्या विद्यापीठात शिकवून, परीक्षांचे काम करून, स्वतःचे विद्यार्थी सांभाळून हे काम करतात. एकाला विनंती पाठवावी तर तो उत्तर देत नाही, दुसरा नकार देतो, तिसरा होकार देतो आणि नंतर महिनोन्‌महिने बोलत नाही. पाणवनस्पती आणि मासेमारांचे ज्ञान या दोन्ही गोष्टी जाणणारा माणूस देशात सहजासहजी सापडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. संपादकांनी बहुधा एक समीक्षक लोकवनस्पतिशास्त्राचा घेतला आणि दुसरा वर्गीकरणशास्त्राचा. आपल्याला जो विरोध वाटतो तो त्या दोन शाखांच्या सवयींतला विरोध आहे. पहिल्याला माणसांचे ज्ञान महत्त्वाचे वाटते, दुसऱ्याला हर्बेरियमच्या कागदावर चिकटवलेला नमुना. मला तर अशी जोडी निवडणे हे चांगल्या संपादनाचे लक्षण वाटते.

समीक्षकांच्या अहवालाचे सामान्यतः दोन भाग असतात. एक लेखकासाठी, जो आपल्याला मिळाला. दुसरा केवळ संपादकांसाठी, जो आपल्याला कधीच दिसत नाही. या दुसऱ्या भागात समीक्षक पुष्कळदा अधिक मोकळेपणाने लिहितात. लेखकाला कडक शब्दांत झोडपणारा समीक्षक संपादकांना मात्र ‘काम चांगले आहे, सुधारून घ्या’ असे कळवतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. उलट अतिशय गोड अभिप्राय देऊन खाली नापसंतीची खूण करणारेही असतात. म्हणून आपल्यापर्यंत आलेल्या शब्दांच्या कडवटपणावरून निष्कर्ष काढू नये.

निष्कर्ष काढायचाच असेल तर संपादकांच्या पत्रातून काढावा. त्या पत्रात ‘विशेषतः नमुन्यांच्या नोंदींबाबत’ हे शब्द आहेत आणि माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रव्यवहारातील सर्वांत महत्त्वाचे शब्द तेच आहेत. तक्ता काढा असे संपादकांनी म्हटलेले नाही. त्यांनी दुसऱ्या समीक्षकाच्या आक्षेपांपैकी एक उचलून अधोरेखित केला आणि बाकीचे आपल्या विवेकावर सोडले. ‘मेजर रिव्हिजन’ म्हणजे स्वीकृतीचे वचन नव्हे, सुधारित पेपर पुन्हा त्याच समीक्षकांकडे जाऊ शकतो आणि नाकारलाही जाऊ शकतो. परंतु ज्याला पेपर नकोच असतो तो संपादक ‘रिजेक्ट’ लिहून मोकळा होतो. दुसऱ्यांदा वाचण्याचे कष्ट तो उगाच अंगावर घेत नाही.

नाव दिसण्याविषयी : ते जर्नलच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एका पद्धतीत समीक्षकाला लेखकाचे नाव दिसते, लेखकाला समीक्षकाचे दिसत नाही. विज्ञान शाखांत ही पद्धत फार रूढ आहे. दुसऱ्या पद्धतीत दोघांनाही एकमेकांची नावे दिसत नाहीत. सामाजिक शास्त्रांत ती अधिक आढळते. काही जर्नले आता अभिप्राय पेपरसोबत प्रसिद्धही करतात. आपल्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांत हे लिहिलेले असेल, ते पाहून घ्यावे. आपल्याकडून नावाविना वेगळे शीर्षकपान मागितले होते का, हे आठवले तरी उलगडा होईल.


उत्तर २ — कपाशी_आणि_कागद (जि. अकोला)

मॅडम, मी कृषी संशोधनात काम करतो आणि आमच्या विषयातील जर्नलांसाठी समीक्षणही करतो. सरांनी प्रक्रिया सांगितली. मी फक्त उत्तराच्या पत्राविषयी लिहितो, कारण सुधारित पेपर हाती आला की समीक्षक आधी ते पत्र वाचतो आणि पेपर नंतर उघडतो.

प्रत्येक आक्षेप जसाच्या तसा उतरवावा, त्याखाली आपले उत्तर लिहावे आणि पेपरमध्ये कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत काय बदलले ते नमूद करावे. ‘सूचनेप्रमाणे दुरुस्ती केली आहे’ एवढेच लिहिलेले उत्तर मला समीक्षक म्हणून फार त्रास देते, कारण मग ती दुरुस्ती मलाच शोधत बसावे लागते. समीक्षकाचे एखादे म्हणणे मान्य नसेल तर तसे लिहिण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, मात्र कारण द्यावे लागते. सगळ्याच सूचना मान्य करणारा लेखक मला तरी थोडा संशयास्पद वाटतो.

आता तक्त्याचा प्रश्न. दोन्ही समीक्षकांचे समाधान करणारी एक वाट आहे आणि ती मधली तडजोड नाही. दुसऱ्या समीक्षकांचा खरा आक्षेप माहिती ऐकीव असण्यावर नसून ती कशी गोळा केली हे पेपरमध्ये लिहिलेले नसण्यावर असावा. म्हणून पद्धतीच्या भागात एक सविस्तर परिच्छेद घालावा : किती मासेमारांशी बोललात, ते कसे निवडले, त्यांत स्त्रिया किती होत्या, वये काय होती, कोणत्या तलावांवर, प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, वनस्पती प्रत्यक्ष दाखवून नाव विचारले की केवळ तोंडी. तक्त्यात एक रकाना वाढवून प्रत्येक माहिती किती जणांनी स्वतंत्रपणे सांगितली ती संख्या द्यावी. एकाच म्हाताऱ्या मासेमाराने सांगितलेली गोष्ट आणि वीस जणांनी वेगवेगळ्या गावांत सांगितलेली गोष्ट या दोन्ही नोंदवण्यासारख्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही, आणि वाचकाला तो फरक दिसला पाहिजे. संपूर्ण तक्ता पुरवणीत टाकून मुख्य मजकुरात निवडक नोंदी ठेवता येतील.

नमुन्यांबाबत मात्र वाद घालू नये. तेथे दुसरे समीक्षक बरोबर आहेत. पाणवनस्पतींमध्ये एकसारख्या दिसणाऱ्या प्रजाती इतक्या आहेत की नमुना जतन केल्याशिवाय नाव पडताळता येत नाही. आपण नमुने वाळवून महाविद्यालयातच ठेवले असतील, तर त्यांना क्रमांक देऊन एखाद्या मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करावे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे; तेथे ओळख पटवून घेण्याविषयी पत्र लिहिता येईल, अथवा आपल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला विचारावे. ज्या वनस्पतीचा नमुना नाही ती यादीतून काढावी किंवा ‘केवळ निरीक्षण’ अशी स्पष्ट खूण करून ठेवावी.

एका ऋतूचा आक्षेप शीर्षकानेच निम्मा मिटतो. ‘पावसाळ्यानंतरच्या काळातील’ असे शब्द शीर्षकात घाला आणि शेवटच्या भागात मर्यादा सांगा.

चार संदर्भांविषयी : ते पेपर आधी वाचावेत. एखादा खरोखरच उपयोगाचा असेल तर घ्यावा, बाकीचे घेऊ नयेत. उत्तराच्या पत्रात ‘हे आमच्या विषयाशी थेट संबंधित वाटले नाहीत’ असे एक वाक्य पुरेसे आहे. समीक्षकाने आपल्याच पेपरांचे संदर्भ विनाकारण मागणे हा गैरप्रकार मानला जातो आणि जर्नलांच्या नैतिकतेसंबंधी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांतही त्याविरुद्ध स्पष्ट सांगितले आहे. संपादकांना वेगळ्या पत्राने, कोणताही आरोप न करता, ही बाब कळवता येते. चांगले संपादक अशा समीक्षकाची नोंद ठेवतात.

जाता जाता एक गोष्ट, जी कोणत्याही समीक्षकाने विचारलेली दिसत नाही. मासेमारांची संमती घेतली होती का, आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवले होते का? जैविक विविधता कायदा 2002 चा आहे, राज्याच्या जैवविविधता मंडळाचे कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि लोकांच्या ज्ञानावर आधारलेल्या पेपरला संमतीविषयीचे विधान आता बहुतेक जर्नले मागतात. आधीच लिहून टाकल्यास पुढची एक फेरी वाचेल.


उत्तर ३ — ग्रंथपाल (जि. चंद्रपूर)

आठवड्याभरात प्रमाणपत्र देणाऱ्या जर्नलविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. हे काम आम्हा ग्रंथपालांकडे रोज येते.

वर सांगितलेली प्रक्रिया पाहिल्यावर एवढे उघड आहे की आठवड्यात दोन तज्ज्ञ शोधून, त्यांच्याकडून वाचून घेऊन, लेखकाकडून दुरुस्ती करवून पेपर छापणे जवळजवळ अशक्य आहे. मग ‘पीअर रिव्ह्यूड’ (तज्ज्ञ समीक्षकांनी तपासलेले) हे शब्द त्यांच्या मुखपृष्ठावर येतात कुठून? ते फुकट असतात, कोणीही छापू शकतो. 2013 साली ‘सायन्स’ या साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने याची परीक्षा घेतली होती. लायकेनपासून (दगडफुलापासून) मिळवलेले रसायन कर्करोगाच्या पेशींना रोखते असा दावा करणारा, ढोबळ चुका मुद्दाम पेरलेला बनावट पेपर त्यांनी काल्पनिक लेखकांच्या नावाने 304 मुक्त प्रवेश (वाचकांना विनामूल्य खुल्या असलेल्या) जर्नलांकडे पाठवला. 157 जर्नलांनी तो स्वीकारला, 98 जर्नलांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालणारी जर्नले पुष्कळ होती, हे आपल्याला मान्य करावे लागेल.

आपल्याकडे याला खतपाणी मिळाले ते पदोन्नतीच्या नियमांमुळे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2017 मध्ये मान्य जर्नलांची यादी जाहीर केली, आणि त्या यादीत इतके गवत शिरले की मे 2018 मध्ये एकाच वेळी 4,305 जर्नले वगळावी लागली. मग आयोगाचीच ‘केअर’ नावाची नवी यादी आली. तिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षाकडे होते आणि 2019 पासून सगळे त्या यादीकडे पाहू लागले. तेव्हा यादीतील जर्नलांच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे उभी राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने ती यादीही बंद केल्याचे जाहीर करून जर्नल निवडण्यासाठी केवळ सुचवलेले निकष दिले आणि जबाबदारी संस्थांवर व प्राध्यापकांवर सोपवली. म्हणजे आता ‘यादीत आहे’ हे उत्तर पुरणार नाही. आपल्या फाइलमधील जर्नलचा दर्जा छाननी समितीसमोर आपल्यालाच सांगावा लागेल. घाईत घेतलेले प्रमाणपत्र तेथेच गळ्यात येते.

आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जा नव्हे, तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक असतो. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असे शब्द लावलेला इम्पॅक्ट फॅक्टर पाहून भुलू नये. ज्याला जगभर इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात, म्हणजे जर्नलमधील पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला हे सांगणारा आकडा, तो क्लॅरिव्हेट ही कंपनी प्रसिद्ध करते. जर्नल स्कोपस या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे असा दावा असेल तर तो जर्नलच्या पानावर न वाचता स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधावा, आणि मुक्त प्रवेश जर्नल असेल तर डीओएजे या सूचीत पाहावे. संपादक मंडळावर ज्यांची नावे आहेत त्यांपैकी एखाद्याला सरळ ईमेल करून विचारले तर पुष्कळदा ‘माझे नाव तेथे आहे हेच मला ठाऊक नव्हते’ असे उत्तर मिळते.

आणखी एक. पेपर सध्या पहिल्या जर्नलकडे आहे. तो रीतसर, लेखी मागे घेतल्याशिवाय दुसरीकडे पाठवणे हे एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे ठरते, आणि तसे आढळल्यास दोन्हीकडून नाकारला जातो. एकदा अशा ठिकाणी छापून आला की तो पुन्हा चांगल्या जर्नलकडे नेता येत नाही. मासेमारांनी मन मोकळे करून दिलेली माहिती तेथे अडकून पडेल. तेथून पेपर मागे घ्यायचा म्हटले तर काही जण त्याचेही पैसे मागतात.


उत्तर ४ — आकाशवाचक (जि. वाशीम)

मी भौतिकशास्त्र शिकवतो. वरील तिन्ही सदस्यांनी समीक्षेची बाजू चांगली मांडली, परंतु मॅडमनी विचारलेला एक प्रश्न त्यांनी हळूच बाजूला ठेवला : गावातले महाविद्यालय पाहून मत बनते का? बनते, आणि त्याचे पुरावे आहेत.

1982 मध्ये पीटर्स आणि सेसी या अमेरिकेतील दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नामवंत विभागांतील लेखकांचे, आधीच छापून आलेले बारा पेपर त्यांनी घेतले, लेखकांची आणि संस्थांची नावे बदलून अपरिचित नावे घातली, आणि ज्या जर्नलांनी ते छापले होते त्यांच्याचकडे पुन्हा पाठवले. तीन पेपर ओळखले गेले. उरलेल्या नवांपैकी आठ नाकारले गेले, आणि कारण म्हणून बहुतेक वेळा पद्धतीतील गंभीर दोष दाखवण्यात आले. हे फार जुने झाले असे वाटत असेल तर 2022 चा प्रयोग पाहावा. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि एक अल्पपरिचित तरुण संशोधक यांनी मिळून लिहिलेला एकच पेपर शेकडो समीक्षकांकडे गेला. ज्यांना केवळ तरुण लेखकाचे नाव दाखवले त्यांच्यापैकी 65 टक्क्यांनी तो नाकारावा असे म्हटले, ज्यांना कोणतेच नाव दाखवले नाही त्यांच्यापैकी 48 टक्क्यांनी, आणि ज्यांना स्मिथ यांचे नाव दाखवले त्यांच्यापैकी केवळ 23 टक्क्यांनी. पेपर तोच होता, अक्षराचाही फरक नव्हता.

समीक्षेतून चुका पकडल्या जातात, हाही अर्धाच खरा समज आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकांनी एका पेपरमध्ये आठ उणिवा मुद्दाम घालून तो आपल्या 420 समीक्षकांकडे पाठवला होता. 221 जणांनी अहवाल दिले आणि सरासरीने प्रत्येकाच्या हाती दोनच उणिवा लागल्या. समीक्षकाला बहुधा मूळ नोंदवह्या दिसत नाहीत, समोर ठेवलेला मजकूर तेवढा दिसतो. ज्याने आकडेच बनवले असतील त्याला तो कसा पकडणार? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा वेकफिल्ड यांचा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये 1998 साली समीक्षा होऊनच छापला गेला आणि मागे घेतला गेला तो 2010 साली. दुसरीकडे, डीएनएच्या रचनेविषयीचा 1953 चा पेपर ‘नेचर’ने बाहेरच्या समीक्षकाकडे पाठवलाच नव्हता, त्या नियतकालिकात बाहेरची समीक्षा हा पक्का नियम झाला तोच 1973 मध्ये.

म्हणून माझे मत असे की, मॅडमनी समीक्षकांच्या अभिप्रायाला देववाणी समजू नये. आमच्या विषयात 1991 पासून अर्काइव्ह या संकेतस्थळावर पेपर समीक्षेआधीच सर्वांसाठी खुला ठेवण्याची रीत आहे, जीवशास्त्रात 2013 पासून तसेच बायोअर्काइव्ह आहे. जर्नल मान्य करीत असेल तर पेपर तेथे ठेवावा, म्हणजे काम आपले आहे याची तारीखवार नोंद तरी राहील.


सेवानिवृत्त प्राध्यापक (जि. अमरावती)

आकाशवाचक सरांनी दिलेले दाखले खरे आहेत आणि ते मी नाकारीत नाही. संपादक मंडळाच्या बैठकांत पेपर उघडण्यापूर्वी संस्थेचे नाव वाचून भुवया उंचावलेल्या मी पाहिल्या आहेत. फक्त या प्रकरणापुरते एवढेच म्हणतो की, आपल्यासमोरच्या अभिप्रायातील आक्षेप संस्थेच्या नावावरून सुचण्यासारखे नाहीत. हर्बेरियमचा क्रमांक नागपूर, मुंबई किंवा दिल्लीच्या लेखकालाही मागितला गेला असता. पूर्वग्रह असलेला समीक्षक मोघम लिहितो : ‘नावीन्य नाही’, ‘दर्जा नाही’. येथे ठराविक उणिवांवर बोट ठेवले आहे आणि त्या भरून काढता येतात. अपवाद इंग्रजीविषयीच्या शेऱ्याचा. तो समीक्षक सवयीने लिहितात, त्याने खट्टू होऊ नये. आपल्या इंग्रजी विभागातील एखाद्या सहकाऱ्याकडून वाचून घ्यावे आणि उत्तरात तसे लिहावे.

बायोअर्काइव्हबाबत मात्र थोडे थांबावे. मासेमारांच्या संमतीचे विधान पूर्ण होईपर्यंत त्यांची माहिती सर्वांसाठी खुली करणे मला उचित वाटत नाही.


तलावकाठ (जि. गोंदिया)

सर्वांची आभारी आहे. पेपर मागे घेणार नाही. मासेमारांची नावे आणि गावे माझ्या नोंदवहीत आहेत, त्यामुळे तक्त्यातील नवा रकाना भरता येईल. संमती तोंडी घेतली होती. ती ग्रामसभेत पुन्हा मांडून लेखी घेईन. काही वनस्पतींचे नमुने बुरशीने खराब झाले आहेत आणि त्या पुन्हा मिळतील त्या पुढच्या पावसाळ्यानंतर. जर्नलने दिलेली मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. अशा वेळी मुदत वाढवून मागता येते का, की संपादकांना ते आवडत नाही?


कपाशी_आणि_कागद (जि. अकोला)

मागता येते, आणि मुदत संपण्यापूर्वी मागितल्यास बहुधा मिळते. न कळवता उशीर केला तर संगणकप्रणाली पेपर बंद करते आणि तो नव्याने दाखल करावा लागतो. मग समीक्षकही नवे येण्याची शक्यता असते. तरीही वर्षभराची मुदत मागू नये. जे नमुने चांगले आहेत ते आताच जमा करून क्रमांक घ्यावेत, खराब झालेल्यांपैकी ज्यांची छायाचित्रे स्पष्ट आहेत त्या प्रजाती ‘छायाचित्रावरून ओळख’ अशा खुणेने ठेवाव्यात आणि उरलेल्या या पेपरमधून काढून पुढच्या पेपरसाठी राखाव्यात. संपादकांना आजच चार ओळींचे पत्र लिहावे : कोणते नमुने जमा करत आहात, हर्बेरियमकडून क्रमांक केव्हा अपेक्षित आहेत, आणि त्यासाठी किती आठवडे हवेत. पत्रात पेपरचा क्रमांक विषयाच्या ओळीतच घालावा.